गळणारं मडकं आणि ठणठणकाकांचा हात

ठणठणकाकांना ठणठणकाका का म्हणतात, तर गिऱ्हाईक आलं की मडकं कानाशी धरायचं, बोटाने ठण्‌ठण्‌ वाजवायचं आणि म्हणायचं, "थेंबभर जरी गळलं ना, तर पुन्हा चाकावर बसणार नाही!" चाळीस वर्षं हा तोरा. आणि आता बघा, म्हातारपणी त्यांच्या नशिबी काय आलं? मुद्दाम गळणारी मडकी करायची!

त्याचं झालं असं, की गल्लीच्या बोअरच्या पाण्यात शिसं सापडलं. टेकाडावर जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना होता, त्याची ही कृपा. उकळून उपयोग नाही, शिसं काही उकळून पळत नाही. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी स्वस्तातला उपाय सांगितला: मातीत चाळलेला लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा गंज मिसळायचा, मडकं भाजायचं. भुसा जळून बारीक छिद्रं राहतात, पाणी त्यातून हळूहळू झिरपतं आणि शिसं गंजाला धरून राहतं. तासाला दोन लिटर पडलं की उत्तम.

काकांनी नाक मुरडलं असतं, पण सुनेने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, बाळाला वरचं पाणी सुरू झालंय. तिथलं पाणी पास झालं की त्याच दिवशी निघते. तोवर नाही." नातू सात महिन्यांचा झाला, आणि आजोबांनी अजून त्याला फोनच्या काचेवरच पाहिलेला. मग काय, बसले चाकावर.

पहिली चार मडकी भाजून निघाली. पाणी भरलं. एक तास झाला, दोन झाले. थेंब नाही! काकू पदराआड हसल्या. "अहो, हे तर तुमच्यासारखंच निघालं. काही म्हणजे काही सोडत नाही."

काकांना ते लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी कुणाला न सांगता भुसा दुप्पट घातला. आणि काय सांगू, पाणी नुसतं धो धो! शेजारणी जमल्या. "काका, काय धार आहे हो! आमच्या नळालासुद्धा एवढी नाही." काका फुशारून गेले. पण पास झाल्याशिवाय प्यायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं, म्हणून नमुना गेला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. "काका, शिसं जसंच्या तसं आहे. पाणी मडक्यात थांबतच नाही, तर गंजाला धरणार काय? भुसा किती घातलात?"

काका पुटपुटले, "मापाने घातला तर गळतच नव्हतं की."

"मापाने गळायलाच हवं. आता पुढची खेप नीट करा, नाहीतर हे काम मला दुसऱ्या गावच्या कारागिराला द्यावं लागेल. मग मडकी यायला सहा महिने."

सहा महिने! तोवर नातू चालायला लागेल की हो. काका पुन्हा मापाने माती मळून बसले. या वेळी काकू समोरच ठाण मांडून बसल्या आणि चोर सापडला. मडकं अर्धवट वाळलं, काका कुणाशी तरी गप्पा मारायला लागले, आणि उजव्या हाताने आपसूक गुळगुळीत दगड उचलून मडक्याचा तळ घोटायला सुरुवात केली. घासून घासून चकाचक! एकूण एक छिद्र बंद.

"अहो! हात!" काकू ओरडल्या.

"कुठे काय करतोय मी?" काका म्हणाले. हातात दगड.

दगड लपवला, तर चमच्याने घोटायला लागले. चमचा काढला, तर अंगठ्याने. चाळीस वर्षांची खोड ती, सांगून जाते होय? शेवटी काकूंनी सुनेलाच फोन लावला. "हे बघ, मडकी वाळतात तेव्हा रोज दुपारी बाळाला यांच्यासमोर धर. फोन उजव्या हातात देते, आणि डाव्या हाताने यांना धड खाजवताही येत नाही."

आठवडाभर दुपारी अंगणात "बा बा बा" आणि "काय म्हणतोस रे लबाडा" चाललेलं. मडकी बिचारी खडबडीत, ओबडधोबड, पण शांतपणे वाळली. काका त्यांच्याकडे बघायचेही नाहीत. म्हणायचे, "असलं ध्यान माझ्या नावावर सांगू नका."

त्या ध्यानाने तासाला दोन लिटर पाणी दिलं. रिपोर्ट आला: पास.

सून शब्दाची पक्की. संध्याकाळच्या गाडीने आली, पण तीही कमी नव्हे. चप्पल काढायच्या आधी मडक्याखाली माप लावलं आणि घड्याळ लावून बसली. "बाबा, एक तास." काका बाळाकडे बघतायत, बाळ काकांकडे, आणि मडकं आपलं टप्‌... टप्‌...

तास भरला. सून उठली, माप बघितलं, एक पेला गाळलेलं पाणी स्वतः प्यायली आणि बाळाला पुढे केलं. "घ्या. पण आधी हात धुवा, मातीचे आहेत."

काका लगबगीने मडक्याखालच्या मापाकडे वळले.

"तिकडे कुठे?" दोघी एकदम किंचाळल्या. "नळावर धुवा! इथे तासाला दोन लिटर पडतंय!"