आमच्या घरातली दुसरी उर्सुला

लग्नघरात किस्से घडत असतात तेव्हा कोणाला हसायला वेळ नसतो. सगळे घामाघूम, सगळे चिडलेले. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली की मग एकेक आठवायला लागतं. रेमीच्या लग्नाचं तर इतकं साठलंय की आजही आमच्या आळीत दोन बायका बोलत उभ्या राहिल्या की तिसरी विचारते, "रेमीचं लग्न ना?"

रेमी आमच्या समोरच्या घरातला. मधे बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. तो मशीनचं काम शिकायला जर्मनीला गेला होता. एक दिवस पोस्टात त्याचा ट्रंककॉल आला. त्याची आई मार्थाकाकी धावत गेली. लाईनवर नुसती खरखर! रेमी जीव तोडून ओरडत होता, "आई, मी लग्न करतोय! उर्सुलाशी! उर्सुलाशी!" आणि लाईन कट.

काकीने तोंड गोड करायला घरातून सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी उचलली आणि तडक आमच्या ओट्यावर आली. "झालं गं बाय, आपण विहिणी झालो!" म्हणत तिने आईला मिठीच मारली. बाबांनी मांडवाचे बांबू कोणाकडून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकलं.

कारण आळीत उर्सुला एकच होती. मी!

मी शाळेत शिकवून घरी आले तर माझं लग्न ठरलेलं. तेही ज्याने मला लहानपणी चिंचेवरून ढकललं होतं त्या रेमीशी! मी नाही म्हणायच्या आत दुसरा कॉल आला. काकी मान खाली घालून परत आली. "अगं, ती उर्सुला तिकडची आहे. जर्मन."

आई म्हणाली, "सुकेळी मात्र परत मागू नकोस. आम्ही खाल्ली!"

* * *

रेमी कायमचा परतला आणि जर्मन उर्सुलाही इथेच राहायला आली तेव्हा प्रश्न पडला, लग्नाआधी ती सासरी राहणार कशी? मग आमचं घर तिचं माहेर झालं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून दुभाषी मीच. आईने "उर्सुला!" अशी हाक मारली की आम्ही दोघी धावायचो. शेवटी आई "काळी" आणि "गोरी" म्हणायला लागली. मला राग यायचा, गोरीला गंमत वाटायची.

तिची आई लहानपणीच वारली होती. वडिलांनी लग्नाला यायचं साफ नाकारलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता. मग विचारलं, "लसूण डोळ्यांना लागतो?"

मी म्हटलं, "नाही. कांदा लागतो."

"मग मला कांदा दे."

* * *

लग्नात आमच्या बायका लाल लुगडं नेसायच्या, काष्ट्याचं. गोरी म्हणाली, मीही तेच नेसणार. पण ती सहा फूट उंच! सगळ्या जणींनी ओढून-ताणून नेसवलं तरी लुगडं पोटऱ्यांच्या खाली उतरेना. आरशात बघून तिचा चेहरा पडला.

आमची कात्रीनआत्या लांबून बघत होती. म्हणाली, "छान आहे की! वाडीत पाणी शिंपायला एकदम बरं!"

* * *

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्नाची घोषणा झाली. फादर म्हणाले, "कोणाला काही हरकत असेल तर कळवावी." मिस्साची प्रार्थना संपल्यावर कात्रीनआत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी.

"हरकत आहे! नवरीला मामा नाही. तिच्या डोक्यावर लाल छत्री कोण धरणार?"

फादर म्हणाले, "आत्या, ही हरकत धर्मसभेच्या कायद्यात बसत नाही."

"मग बसवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर मामा व्हायला पुरुषांची रांग! छत्री धरून एकेकाने गोरीच्या बाजूने चालून दाखवलं. पण हिची उंची! प्रत्येकाची छत्री तिच्या कपाळावर आपटायची. जमलं फक्त बेंजामिनला. तो आळीतला सगळ्यात उंच. पण तो रेमीचा सख्खा मामा!

मार्थाकाकी ओरडली, "बेंजा, तू आपल्या बाजूचा आहेस!"

बेंजामिनने छत्री मिटली नाही. "रेमीला दुसरा मामा बघ. माझी भाची ठरली!"

* * *

आईने आम्हा दोघींना मासळी आणायला अर्नाळ्याला पाठवलं. गोऱ्या बाईला बघून कोळणीने भाव चढवला. "ताजा हाय बाय, आताच पान्यातून काढलाय!"

गोरीने मासा उचलला, कल्ला उघडला, वास घेतला आणि आईने शिकवलेलं म्हणून दाखवलं, "कालचा आहे."

कोळीण हबकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही तुझी सख्खी बहीणच दिसते. दोघी सारख्याच खवट!"

परत येताना गोरीने विचारलं, "खवट म्हणजे काय?"

मी म्हटलं, "हुशार."

लग्नात तिने ते फादरना म्हटलं, तो वेगळा किस्सा.

* * *

हळदीला बायका तिला कोपरापर्यंत चोळत होत्या. गाणी जोरात चालली होती. तिने मला विचारलं, "हे कशासाठी?"

मी म्हटलं, "नवरी गोरी दिसावी म्हणून."

ती हसली. तिने मला विचारायला लावलं, तसं मी सगळ्यांना विचारलं, "मग हिला कशाला?" गाणी थांबली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. खरंच की!

कात्रीनआत्याने अजून एक ओंजळ हळद घेतली. "चोळा गं, चोळा! जरा आपला रंग येऊ दे पोरीला!"

* * *

आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वालीव गावाहून परतणाऱ्या एका टेम्पोतून, हातात एवढीशी बॅग घेऊन, एक उंच म्हातारा आमच्या दारात उतरला. गोरी ओट्यावरून धावत गेली आणि त्याच्या गळ्यात पडली. तिचे वडील! काय बोलले दोघे कोणास ठाऊक. मला जर्मन कुठे येतं?

लग्न झालं, जेवणं झाली. म्हातारा दिवसभर ताठ बसून होता. हसला नाही, की कोणाशी बोलला नाही. मग पाठवणीची वेळ आली. आमच्या बायकांनी पाठवणीचं गाणं धरलं. आई रडायला लागली, आत्या रडायला लागली, मलाही हुंदका आवरेना. बाबा तोंड फिरवून वाडीकडे बघत उभे होते.

म्हातारा घाबरला. माझ्याजवळ येऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "मुलाचं घर किती लांब आहे?"

मी हात करून दाखवलं. समोर. हिरव्या खिडकीचं.

त्याने त्या घराकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मुलीकडे बघितलं. आणि तिथेच आमच्या पायरीवर बसून, चेहरा दोन्ही हातांत धरून तो असा मोठ्याने रडायला लागला की बँडवाले वाजवायचे थांबले.

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"बघ गं, मुलगी एवढी जवळ दिली, तरी रडतोय बिचारा!"