काकींचा वरचा स्पीकर

"थांबा. वरचा काय म्हणतोय ते ऐकू द्या."

काकी बोट वर करून असं म्हणाल्या की मग पेणच्या रामवाडीतल्या त्या खोलीत कुणी खोकतही नसे. 'वरचा' म्हणजे त्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या जुन्या स्पीकरमधला छोटा ट्वीटर. खालचा मोठा पडदा ढोलकी सांभाळतो. वरचा, रेशमी कापडाच्या इवल्या घुमटाचा, झांजेची किणकिण, बांगड्या, गाणाऱ्याचा श्वास असलं बारीक काम करतो. तुम्ही-आम्ही डोलतो ते खालच्यावर. काकींचा जीव वरच्यावर.

मी धाटावला कंपनीत शिफ्ट करणारा, रोह्याच्या भजनी मंडळात झांज वाजवणारा. मंडळाच्या रेकॉर्डिंगला पेणला गेलो तेव्हा काकींशी ओळख झाली. पहिल्याच अभंगानंतर त्यांनी मला एकट्याला बसवून घेतलं. "झांज वाजव. आवाज सांडू नको." मंडळी वैतागून चहाला निघून गेली, मी वाजवत राहिलो. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला माझीच झांज पहिल्यांदा कळली. मग सुट्टीच्या दिवशी मी उगाचच तिकडे जायला लागलो.

स्पीकरची जोडी त्यांनी मुंबईतल्या बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणली होती. तसा ट्वीटर आता कुणी बनवत नाही. येणारे-जाणारे हसायचे, नवीन घ्या म्हणायचे. काकी म्हणायच्या, "हा खोटं बोलत नाय. खोटं ऐकायचं असलं तर बाहेर डीजे हाय."

खाडीकडच्या एका गावात एक म्हातारी धवलारीण होती. आगरी लग्नातले विधी जिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाहीत, ती धवलारीण. तिच्याइतकी गाणी आसपास कुणालाच येत नव्हती. काकींनी मिनतवारी करून तिला स्टुडिओत आणलं. खर्चाला नवी मुंबईचा एक निर्माता तयार झाला. पहिलं गाणं ऐकून तो म्हणाला, आवाज चिरका आहे, मधले श्वास कापा, खाली दणकून ठेका टाका. काकी नाही म्हणाल्या. तेव्हा ठेका कसा हवा ते ऐकवायला त्यानं आवाज पूर्ण वाढवला आणि चालू मशीनला आपला मोबाइल जोडला. कानठळ्या बसतील असा एक फटका आला. डाव्या स्पीकरचा ट्वीटर जळला. म्हातारीचं गाणं गोधडीखालून आल्यासारखं येऊ लागलं.

निर्माता ओशाळला. नवी जोडी मी देतो म्हणाला, फक्त गाणी माझ्या पद्धतीनं होऊ द्या.

काकींनी दार उघडून धरलं. "ती श्वास घेते म्हणून गाते. तो कापून मी ठेवू काय?"

मग सुरू झाली दुरुस्ती. ट्वीटरच्या आतली तार केसासारखी. काकी ती हातानं गुंडाळायच्या, ती तुटायची, पुन्हा गुंडाळायच्या. एकदा त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या; मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेवटी एकदाची तार जमली, पण रेशमी घुमट त्यावर चिकटवताना त्यांचा हात कापत होता. मी त्यांना गाडीवर बसवून हमरापूरला नेलं. त्यांची एक मैत्रीण तिथे गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. तिनं तो घुमट तळहातावर घेतला, आम्हाला गप्प राहायला सांगितलं आणि श्वास रोखून चिकटवला. वाकडा बसला. तिनं तो सोडवला, पुन्हा चिकटवला. या खेपेला बसला.

गाणी झाली. ठेका नाही, काटछाट नाही. धवलारणीनं स्पीकरसमोर बसून स्वतःला ऐकलं आणि विचारलं, "मी येवढी म्हातारी झाले गो?"

"झालीस," काकी म्हणाल्या. "तशीच ठेवलीय तुला."

पुढच्या वर्षी म्हातारी गेली. त्यानंतर तिच्याच घरात लग्न निघालं. आम्हाला बोलावणं होतं. हळदीला गायला कुणी नव्हतं, म्हणून घरच्यांनी तिचं रेकॉर्डिंग डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीवरून लावलं. काकी उठल्या, डीजेवाल्यापाशी गेल्या आणि ते बंद करायला लावलं. घरातले चिडले. यजमानांनी विचारलं, मग गाणार कोण?

"ते शिकायला केलंय," काकी म्हणाल्या. "लग्नात माणूस गातो."

आणि त्या स्वतः गायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलेली ही बाई कधी गुणगुणल्याचंही मला आठवत नव्हतं. पण धवलारणीची ओळ न् ओळ त्यांना पाठ झाली होती.

काकींना जाऊन आता वर्ष होईल. रामवाडीतल्या खोलीला कुलूप आहे. मला काकी अजून दिसतात त्या हळदीच्या मांडवात. आवाज जाडा, सूर सुटलेला, कपाळावर घाम. बायका आधी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक म्हातारी मागून म्हणू लागली, मग तिची सून, मग हळद लावणाऱ्या मुली. काकी पुढची ओळ मोठ्यानं सांगत होत्या, आणि डीजेवाला आपल्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होता.