फ्रीजमधला हिवाळा

दीनानाथने सव्वीस वर्षं सिंगापूरला, आंग मो किओतल्या एका कारखान्यात तापमान सांभाळलं. नाजूक इलेक्ट्रॉनिक माल तयार होण्याच्या खोलीत पारा अर्धा अंश वर गेला, की दीनानाथचा चार अंश चढायचा. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, सवय राहिली. घरी गेलं की पाणी देताना हा विचारणार, "नॉर्मल देऊ, का चौदा?" मी एकदा "पंधरा चालेल" म्हणालो, तर त्याने खरोखरच थोडं थांबून दिलं.

शुभदावहिनींचं तापमानाशी वेगळंच नातं होतं. दर मार्चमध्ये त्या स्वीडनला, मुलीकडे, कादंबरीकडे जायच्या. शहाणी माणसं जुलैत जातात. वहिनींना कादंबरीच्या परसातला मार्चच हवा असे. तपकिरी गवत, अर्धवट वितळलेला मळका बर्फ, आणि त्यातून एक दिवस वर येणारी क्रोकसची जांभळी फुलं. केशराच्याच कुळातली, बोटभर उंचीची. दीनानाथ एकदाच गेला आणि येऊन म्हणाला, "इतका वेळ विमानात बसायचं आणि चिखल बघायचा!"

"अहो, इथे बाराही महिने हिरवं बघून माझ्या डोळ्यांवर शेवाळ धरलंय," वहिनी म्हणाल्या. "काहीच नसतं, तिथून काहीतरी येतं. ते बघायला जाते मी."

२०१५च्या ऑक्टोबरात नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उपचार लगेच सुरू करायचे, मार्चचा प्रवास विसरा, पुढचं पुढे बघू. हे 'पुढे' कुठवर आहे ते वहिनींना बाहेर बाकावर बसवून दीनानाथने आत जाऊन विचारून घेतलं. फार लांब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत कॉफी ढवळत तो मला म्हणाला, "तिला एक फूल दाखवायचंय. त्याला हिवाळा लागतो ना? मग हिवाळा मी करतो."

कादंबरीकडून त्याने कृती समजून घेतली. कंद तीन महिने थंडीत ठेवायचे, मग मातीत लावायचे. झाडाला वाटतं हिवाळा संपला, आणि ते फुलतं. घरात हापूसच्या मोसमासाठी घेतलेला एक छोटा फ्रीज होता. दीनानाथने नर्सरीतून चाळीस कंद मागवले. दिसायला लसणीच्या गड्ड्यांसारखे, म्हणून कागदी पिशवीवर ठळक लिहिलं, 'खाण्यासाठी नाही'. आत थर्मामीटर टांगला, बाहेर वही. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद.

"कादंबरी, आज तुझ्याकडे किती?"

"उणे दोन, बाबा. काल अधिक चार होतं."

"फार हलतो गं तुझा हिवाळा. माझा बघ, बरोब्बर पाच!"

डिसेंबरात वहिनींसाठी सत्यनारायण घातला. आजारी माणसाचं घर आणि त्यात पूजा, म्हणजे आपल्या लोकांना सफरचंदांशिवाय दुसरं काही सुचत नाही. ज्याच्या त्याच्या हातात सफरचंदं. मीही सहा घेऊन गेलो होतो, चांगली लाल बघून. वहिनींना उपचारांमुळे कच्चं फळ बंद होतं, खाणारा एकटा दीनानाथ. देवापुढे ठेवलेली फळं, टाकायची तरी कशी? मोठ्या फ्रीजमध्ये वहिनींची पथ्याची भांडी, तिथे जागा नव्हती. त्याने सफरचंदं छोट्या फ्रीजमध्ये कंदांशेजारी ठेवली. तापमान तपासलं. पाच.

फेब्रुवारीत कंद कुंड्यांत गेले आणि कुंड्या बेडरूममध्ये. एसी सोळावर. वहिनी स्वीडनचा लाल स्वेटर आणि लोकरी टोपी घालून पलंगावर. बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि इथे मी दीनानाथचं जाकीट घालून चहा पितोय! सहाव्या दिवशी हिरवी टोकं वर आली. दीनानाथने मला सकाळी सातला फोन केला. नातू झाला असता तरी एवढ्या मोठ्याने ओरडला नसता.

मग पानं वाढली. आणखी वाढली. गवतासारखी लांब झाली, कुंडीबाहेर लोंबायला लागली. फूल नाही.

"अहो, तिकडेही आधी पानंच येतात," वहिनी म्हणाल्या.

दहा दिवस त्या रोज हेच म्हणत होत्या. अकराव्या दिवशी दीनानाथने एक रोप उपटून स्वयंपाकघरात नेलं आणि सुरीने चिरलं. आत कळी होती. गव्हाच्या दाण्याएवढी, तपकिरी, वाळलेली. त्याने कादंबरीला फोन लावला.

तिने कळीचा फोटो मागवला. मग तिने विचारलं, "बाबा, फ्रीजमध्ये आणखी काय होतं?"

"काही नाही गं. सफरचंदं."

पिकणाऱ्या फळांतून एक वायू सुटतो. कंदाला काही होत नाही, आतली कळी मात्र मरते. कादंबरी हे सांगायला विसरली होती, कारण तिच्या घरात ते सांगावंच लागत नाही. संध्याकाळी दीनानाथ माझ्याकडे आला, चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"अरे, थर्मामीटरला ते कळत नाही रे," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस. फूल यायचंय असंच वाटू दे तिला."

त्याच आठवड्यात माझी बायको सुचित्रा वहिनींजवळ बसायला गेली आणि परत येताच मला बाजूला घेऊन बोलली. वहिनींनी तिला सांगितलं होतं, "पूजेनंतर मला हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथून आले ना, तेव्हाच बघितलं. कंदांशेजारी सफरचंदं. कादंबरी तळघरातसुद्धा वेगळी ठेवते. पण तोवर दोन आठवडे होऊन गेले होते गं. आणि हे सकाळी फ्रीज उघडायचे, पाच बघून शीळ घालायचे. ती शीळ मी कुठल्या तोंडाने बंद करणार होते? ह्यांना बोलू नकोस हं."

म्हणजे नवऱ्याचं गुपित माझ्याकडे, बायकोचं सुचित्राकडे, आणि दोन्ही एकच. ते दोघं त्या गार खोलीत पानांकडे बघत बसायचे. तो म्हणायचा, "येईल आता." त्या म्हणायच्या, "येणारच की."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी गेल्या. कादंबरी आली, ती आपलं परस फुलायला आलेलं सोडून. पंधरा दिवसांनी परत गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी दीनानाथकडे गेलो. एसी बंद, खिडक्या उघड्या, पानं पिवळी पडलेली. छोटा फ्रीज मात्र चालू होता. कंद बाहेर आले होते, सफरचंदं आतच राहिली होती. त्याने दोन काढली, धुतली, चिरून बशी माझ्यापुढे ठेवली.

"तिला कळलं नव्हतं ना रे?"

"नाही," मी म्हणालो. "वहिनींना कुठलं कळतंय."

त्याने मान हलवली आणि एक फोड उचलली. मीही घेतली. तीन महिने होऊन गेले होते, तरी दाताखाली कर्र आवाज आला.

"करकरीत आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"असणारच," दीनानाथ म्हणाला. "तापमान बरोबर होतं."