लेखिकेसमोरची खुर्ची

पुस्तकाच्या दुकानात जे पुस्तक खपत नाही, ते काही महिन्यांनी प्रकाशकाकडे परत जातं. किश्शांची तशी सोय नाही. ते येतात आणि मुक्कामच ठोकतात! आमच्याकडे तर दर शनिवारी नवा माल येतो, आणि तो ठेवायला माझ्याशिवाय दुसरं कपाट नाही. आता इतकी गर्दी झालीये की एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. म्हणून म्हटलं, सगळेच बाहेर काढूया.

आधी थोडं सांगते. बुधवार पेठेत एका अरुंद जिन्यानं वर आलं की आमचं दुकान. मालक पुरोहितकाका, आणि मी तिथे नोकरीला. दर शनिवारी दुपारी चार वाजता ते टेबलं भिंतीला सरकवतात, चाळीस खुर्च्या मांडतात आणि एका लेखिकेला बोलावतात. तिचं नवंकोरं पुस्तक आणि तासभर गप्पा. समोरच्या खुर्चीत बसून त्या गप्पा कुणी मारायच्या? मी! कॉलेज संपून जेमतेम वर्ष झालेली, आणि कुणी मागून नुसतं 'अहो' म्हटलं तरी दचकणारी मी.

खरं तर काकांना ती खुर्ची सरांना द्यायची होती. सर म्हणजे मोठे निवेदक. पुण्यात कार्यक्रम आहे आणि व्यासपीठावर सरांचं जाकीट नाही, असं सहसा होत नाही. पण सर तेव्हा मुलाकडे अमेरिकेला गेले होते. काका म्हणाले, "केतकी, सहा शनिवार तू सांभाळ. सर आले की मग बघू."

काकांच्या तोंडून 'मग बघू' आलं म्हणजे बहुतेक वेळा बघून झालेलं असतं. पण मला ती खुर्ची हवी होती. प्रचंड हवी होती! ज्या बाईचं पुस्तक आपण पोटाशी धरून वाचलं, ती समोर बसून आपल्याशी बोलते, यापेक्षा भारी काय असतं? म्हणून भीतीपोटी प्रत्येक पुस्तक मी तीनदा वाचायचे. तीनदा!

*

पहिल्या शनिवारी मालतीबाई. वय चौऱ्याहत्तर, राहणार कसबा पेठ, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि आता थेट खुनाची कादंबरी.

मी रात्रभर जागून दहा प्रश्न काढले होते. पहिला विचारला, "ही कादंबरी तुम्हाला कशी सुचली?"

"हा प्रश्न विचारायची सक्ती आहे का? पुढचा."

"तुमचा लेखनप्रवास..."

"प्रवास कुठला? बसूनच लिहिलं."

अकराव्या मिनिटाला माझे दहाही प्रश्न संपले! बाईंना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बरं, आता मी विचारते. पुस्तक वाचून आलीयेस का?"

"हो बाई."

"नक्की?"

बाईंचा तो आवाज ऐकून मी एकदम सहावीत गेले. पुस्तक वाचलंय हे सिद्ध करायच्या नादात मी ताडकन उभी राहिले आणि माइकवर सांगून टाकलं, "हो बाई! खून वहिनीनं केलाय!"

मागे काकांनी कपाळाला हात लावला. कुणीही पुस्तक विकत घ्यायचं एकमेव कारण मी जाहीर करून टाकलं होतं.

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. म्हणाल्या, "उत्तर बरोबर. पण रीत लिहिली नाहीस, त्याचे मार्क कापले. रीत पुस्तकात आहे. ज्यांना पूर्ण मार्क हवेत त्यांनी घ्या."

त्या दिवशी एक प्रत उरली नाही!

*

दुसऱ्या शनिवारी ऋजुता. बाणेरला आयटीत नोकरी, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मोबाइलवर लिहून पूर्ण केलेली कादंबरी. आई आणि मुलीची गोष्ट. पुस्तक प्रेसमधून यायला उशीर होता म्हणून प्रकाशकांनी मला पीडीएफ पाठवली होती. मी ती तीनदा वाचली आणि नवव्या प्रकरणात तिन्ही वेळा रडले.

कार्यक्रमात त्या प्रकरणापाशी आले आणि माझा आवाज आपोआप खाली आला. "ऋजुता, आईच्या मृत्यूचा जो प्रसंग तू लिहिलायस..."

ऋजुताचा चेहरा पांढराफटक! ती मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, भरून आलंय तिला. मी आणखी हळवी झाले. "त्या शेवटच्या ओळी लिहिताना तुझ्या मनात काय चाललं होतं गं?"

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून फिकट गुलाबी ड्रेसमधल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. ऋजुताची आई!

"मी जिवंत आहे," काकू म्हणाल्या. "पाचव्या ड्राफ्टपासून."

प्रकाशकांनी मला चौथा ड्राफ्ट पाठवला होता! छापील पुस्तकात आई ठणठणीत होती आणि नवव्या प्रकरणात चक्क केरळच्या ट्रिपला निघाली होती. काकू पुढे म्हणाल्या, "मी हिला सांगितलं, मला मारायचं असेल तर मार. पण मग तुझ्या डब्याचं तू बघ."

कार्यक्रम संपल्यावर ऋजुतापेक्षा आईचीच सही घ्यायला जास्त मोठी रांग होती.

*

तिसऱ्या शनिवारी शोभाताई आल्या. शहराच्या बसमध्ये कंडक्टर, आणि आता पहिला कवितासंग्रह. त्यांच्या डेपोतली अर्धी मंडळी युनिफॉर्मवरच ऐकायला आली होती. जिन्यापर्यंत गर्दी! ती बघून मी खुर्चीसकट मागे सरकले. शोभाताईंनी मात्र माइक न घेताच आवाज दिला, "दारात थांबू नका, पुढे सरका, मध्ये जागा आहे!" आणि खरंच, तीस माणसं आत मावली.

मी प्रश्नांचा कागद नुसता उलटसुलट करत होते. शोभाताई हळूच माझ्याकडे कलल्या. "ताई, घाबरताय कशाला? गर्दी आपल्याकडे बघत नसती. तिला कुठंतरी जायचं असतं. आपण फक्त न्यायचं." आणि टेबलावर दोनदा टकटक केलं. डबल बेल! मी सुटले ते चाळीस मिनिटं थांबलेच नाही.

मग प्रेक्षकांचे प्रश्न. आमच्याकडे दर शनिवारी एक गृहस्थ उठतात. ते प्रश्न विचारत नाहीत, ते 'थोडं मांडतात'. त्या दिवशी काव्य म्हणजे काय इथपासून त्यांनी सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, आठ झाली. मी मध्ये बोलू का, कसं बोलू, उद्धटपणा होईल का, या विचारानं घामाघूम. काका लांबून घड्याळ दाखवतायत.

शोभाताई अत्यंत मायेनं म्हणाल्या, "काका, तुमचा स्टॉप मागेच गेला."

*

चौथ्या शनिवारचा किस्सा अगदी छोटा आहे. शबानाआपा कोंढव्याहून आल्या होत्या. ब्लाउज शिवता शिवता गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, असा त्यांचा कथासंग्रह. मी तर त्यांच्यावर फिदाच झाले होते. एकेका कथेचा शेवट असा की पुस्तक मिटून घरभर फिरून यावं लागतं!

पहिल्याच रांगेतल्या एक बाई उठल्या. "तुमचं मराठी इतकं छान कसं हो?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसले. आता काय होणार? आपा अडखळल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गोड हसून म्हणाल्या, "तुमचंही छान आहे. कुठे शिकलात?"

*

पाचव्या शनिवारी जनाक्का. खडकवासल्याच्या वाटेवरच्या गावातल्या. गाव आता शहरात आलंय. त्यांनी सांगायचं आणि सुनेनं लिहायचं, असं तीन वर्षं चालून गावच्या आठवणींचं पुस्तक झालं. सून शेजारी बसली होती आणि सासूबाई काय बोलतील या धास्तीनं पदर पिळत होती. तिला बघून मला फार बरं वाटलं. जगात मी एकटी नव्हते!

पुस्तकात एका विहिरीवर अख्खं प्रकरण आहे. मी विचारलं, "जनाक्का, ती विहीर आता कुठे आहे?"

"हाय की तितंच. वर पार्किंग हाय."

हशा पिकला. मागून एका ताईंनी उत्सुकतेनं विचारलं, "कुठल्या सोसायटीत?"

जनाक्कांनी नाव सांगितलं. "बी विंगच्या खाली बगा."

त्या ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "आम्ही बी विंगलाच राहतो."

"आगं बया, मग शेजारीच की आपण!" जनाक्का एकदम खूश. "पाणी येतं का गं नीट?"

"नाही हो, रोज टँकर मागवतो."

जनाक्कांनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्या ताईंकडे. "हिरीवर बसून टँकर मागवता व्हय?"

सून पदर पिळायची थांबली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं.

त्या दिवशी खुर्च्या आवरताना काका म्हणाले, "बरं झालं आज." काकांकडून इतकं म्हणजे सत्कारच! मी जिन्यावरून उड्या मारतच खाली उतरले. सहापैकी पाच झाले होते. एकच उरला होता.

*

आणि सहाव्या शनिवारी कोण? वसुधाताई! पन्नास वर्षं लिहितायत, मुलाखती जवळजवळ देत नाहीत, आणि त्यांच्या एका नजरेनं भले भले समीक्षक गप्प झालेत असं म्हणतात. नवी कादंबरी त्याच सकाळी बाजारात आली होती. काकांनी मला मात्र आठवडाभर आधीच प्रत मिळवून दिली होती.

शुक्रवारी संध्याकाळी काकांचा फोन. "केतकी, सर परवाच परतले. उद्या वसुधाताई आहेत, तेव्हा उद्या सर बोलतील. पुढचंही आता तेच बघतील. तू उद्या फुलं दे ताईंना."

"हो काका, चालेल," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मग म्हटलं, "नाही चालणार." भिंतीला सांगितलं.

शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मी गुच्छ घेऊन कपाटाला टेकून उभी. सर जाकीट घालून माझ्या खुर्चीत. त्यांनी सुंदर आवाजात सुरुवात केली, "ताई मला एकदा म्हणाल्या होत्या..."

"आपण आज पहिल्यांदाच भेटतोय," वसुधाताई म्हणाल्या.

सर हसले. सगळे हसले. सरांनी दुसरीकडून सुरुवात केली. ताईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "कादंबरी वाचलीत का?"

"चाळलीये ताई. आपलं लेखन म्हणजे..."

"कुठपर्यंत चाळलीत?"

"अं... एकंदरीत."

"मग वाचा ना," वसुधाताई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

लोकांना वाटलं, विनोद आहे. हशा झाला. पण ताईंनी चष्मा काढला, घडी करून मांडीवर ठेवला, हात बांधून बसल्या आणि थांबल्या. खरंच थांबल्या! एक मिनिट गेलं. पंख्याचा आवाज मोठा झाला. सरांनी काकांकडे बघितलं, काकांनी छताकडे. शेवटी दुसरा काही मार्गच उरला नाही, म्हणून सरांनी पुस्तक उघडलं. पान एक. शंभर माणसं एका माणसाला वाचताना बघत होती. त्यांनी पान उलटलं.

ताई लोकांकडे वळल्या. "इथे कुणी वाचलीये?"

कुणीच नाही. सकाळीच आलेलं पुस्तक कोण वाचणार? माझा हात मी वर केला नाही. तो गेला. गुच्छासकट!

"तू? किती वाचलीस?"

"तीनदा."

"तीनदा? का?"

"भीती वाटते म्हणून."

"कशाची?"

"तुमचीच."

या वेळी ताई स्वतः हसल्या. "ये. बस इथे."

पुढे खुर्च्या दोनच होत्या. सर उठले, पुस्तकात बोट घालून, आणि बालसाहित्याच्या कपाटाशेजारच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले. मी खुर्चीत बसले. हातात एकही प्रश्न लिहिलेला नाही, नुसता गुच्छ. आणि तोंडातून जे आलं ते आलं. "ताई, चौथ्या प्रकरणात इंदू घर सोडून जाते, तेव्हा दार उघडंच टाकून जाते. मला तिचा इतका राग आला! दार ओढून घ्यायला काय झालं होतं?"

वसुधाताईंनी मांडीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्या त्या नजरेनं माझ्याकडे बघितलं. संपलं, मी मनात म्हटलं. खुर्ची गेली, नोकरीही जाईल.

"मलाही आला होता," ताई म्हणाल्या. "दोन वर्षं मी ते दार रोज बंद करायचे आणि ती रोज उघडं टाकायची."

आणि मग जे सुरू झालं! ती कादंबरी लिहून झाल्यावर ताई तीन महिने स्वयंपाकघरात शिरल्या नव्हत्या, कारण इंदू तिथूनच उठून गेली होती. मी भांडत होते, त्या भांडत होत्या. एकदा तर मी "अहो, असं कसं?" असं ओरडलेसुद्धा, वसुधाताईंना! सव्वा तास कुठे गेला कळलं नाही. टाळ्या थांबेनात. गुच्छ अजून माझ्याच मांडीवर होता.

काका आभार मानायला पुढे आले. माइक हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, मग बुटक्या स्टुलाकडे. घसा खाकरून म्हणाले, "तर मंडळी, पुढच्या शनिवारपासून या गप्पांची सूत्रं आपले... सर? सर, जरा पुढे येता ना? दोन शब्द."

सरांनी मान वर केली नाही. नुसता पंजा वर केला.

"सर?"

"अहो पुरोहित, तिलाच सांगा हो ते सगळं!" सर वैतागून म्हणाले आणि पान उलटलं. "इथे इंदू दारात उभी आहे."