जळकं ऑइल

गेल्या ऑक्टोबरात माझे वडील, म्हणजे आप्पा, आमच्याकडे राहायला आले आणि पंधरवड्यात घरातलं सगळं दुरुस्त करून बसले. कुरकुरणारी दारं, गळका नळ, तळघराच्या पायरीची हलणारी फरशी, काही म्हणून राहिलं नाही. मग ते नुसतेच फिरायला लागले. खिडकीची मूठ फिरवून बघायची, रेडिएटरवर टकटक करायची, बागेत जायचं, परत यायचं. जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या बाहेर एका खेड्यात आमचं घर आहे. तिथे दुपारी रस्त्यावर मांजरही दिसत नाही. आप्पा सोफ्यावर बसले तरी त्यांचा एक पाय हलत राहायचा. तो बघून माझं डोकं फिरायचं, कारण माझाही तसाच हलतो.

व्हिसा तीन महिन्यांचा होता. आई गेल्यानंतरचा पहिला हिवाळा त्यांनी इचलकरंजीच्या घरात एकट्याने काढू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून परतीचं तिकीट मी डिसेंबरअखेरचं काढलं होतं. आणि आप्पा रोज सकाळी चहाच्या कपातून वर न बघता म्हणायचे, "अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ की. लेकीच्या घरी इतके दिवस राहणं बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही? शेजारच्या जर्मनांना?"

"मला."

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरात मानत. आप्पांनी ते आपल्यापुरतं सैल केलं होतं. पाणी प्यायचं, पण काम करून. काम संपलं की मुक्काम संपला. त्यामुळे मी घरात मोडकं काय सापडतंय ते शोधत हिंडत होते. एकदा तर बागेतल्या नळाचा वॉशर मीच सैल करून ठेवला. त्यांनी तो चहा गार व्हायच्या आत बसवला आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या.

मग मला पिकअप आठवली. घराची डागडुजी करताना लाकडं, फरशा, सिमेंट आणायला आम्ही एक जुनी डिझेल पिकअप घेतली होती. तिचे ऑइलचा आणि डिझेलचा असे दोन्ही फिल्टर बदलायचे राहिले होते. आप्पांची सारी उमेदीची वर्षं सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेंपो यंत्रमागांपर्यंत पोचवण्यात गेलेली. याहून चांगलं काम कुठलं असणार?

"आप्पा, फिल्टर बदलायचेत. मला काही जमत नाही ते," मी म्हटलं.

माझ्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. मी नोकरीला डिझेल इंजिनांवरच आहे, आणि फिल्टर डोळे मिटून बदलू शकते, हे त्याला ठाऊक होतं. तो सॉफ्टवेअरवाला, स्क्रूड्रायव्हर दिसला की खोली बदलतो. मी डोळे वटारल्यावर म्हणाला, "बरं, मी वर जातो. माझा कॉल आहे."

"शनिवारी कसला कॉल?" आप्पांनी विचारलं. तोवर तो जिन्यात पोचला होता.

आप्पांनी बाह्या सरसावल्या. थोडा वेळ इंजिन चालू ठेवून ऑइल कोमट केलं, खाली पसरट भांडं ठेवलं, बोल्ट काढला. काळी धार पडायला लागली. ते प्रत्येक गोष्ट मला समजावत होते आणि मी माना डोलावत होते. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल चोळायचं, फिल्टर हातानेच आवळायचा, पान्ह्याने नाही. सगळं बरोबर होतं, पण किती सावकाश! डिझेलचा फिल्टर बसवल्यावर आत शिरलेली हवा काढायला छोटा हातपंप दाबावा लागतो. अंगठ्याने तो दाबताना त्यांना जोर पुरत नव्हता. ते थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा दाबायचे. माझे हात शिवशिवत होते. पंप हिसकावून घ्यावा, दहा दाब द्यावेत आणि मोकळं व्हावं असं वाटत होतं. मी हात जाकिटाच्या खिशात कोंबून उभी राहिले. आम्ही बापलेक शांत माणसं नाही, हे मला तेव्हा फार जाणवलं.

अखेर पंप कडक लागला, नवं ऑइलही ओतून झालं. मी चावी फिरवली. इंजिनाने जरा कुरकुर केली आणि मग धरलं. आप्पा वाकून दोन्ही फिल्टरखाली बोट फिरवून आले, कोरडं होतं. आल्यापासून पहिल्यांदाच ते हसले. मला इतकं बरं वाटलं की मी चहाबरोबर भजी तळायला घेतली.

तिथेच चुकलं. चहा घेऊन बाहेर आले तर ऑइलचं भांडं रिकामं. आप्पा बागेच्या कडेला उकिडवे बसले होते. हातात माझा रंगाचा ब्रश. कुंपणाचे सहाही लाकडी खांब बुडाशी काळेकुळकुळीत झाले होते, आणि खालची मातीही.

"जळकं ऑइल वाया कशाला घालवायचं? आता वाळवी फिरकायची नाही," ते समाधानाने म्हणाले.

आमच्याकडे गावी हे सगळेच करतात. दाराची चौकट असो, गोठ्याचा खांब असो, जळकं ऑइल फासायचं. मीही लहानपणी फासलंय. पण इथे जुनं ऑइल डब्यात भरून दुकानात परत द्यायचं असतं, आणि मातीत घालणं सरळ गुन्हा. त्यातून कुंपण अर्धं शेजाऱ्यांचं.

"आप्पा, अहो काय केलंत हे! इथे वाळवी नसतेच! जमिनीतल्या पाण्यात उतरतं ते, दंड होतो, पोलीस येतात!" एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एकदा तोंड सुटलं की मी थांबत नाही. "एक दिवस तरी नुसतं बसवत नाही का तुम्हाला?"

त्यांनी ब्रश भांड्यात ठेवला. घरात गेले, साबणाने खूप वेळ हात धुतले. बाहेर येऊन म्हणाले, "तिकीट बघ." या वेळी 'मिळतंय का' नव्हतं.

मला रडूही येत होतं आणि रागही. त्यांचा नाही, माझाच. भजी गार झाली. मी शेजारी सांगायला निघाले तर आप्पा धुतलेला शर्ट घालून दारात उभे. "चूक माझी. मी येतो," म्हणाले.

शेजारी रिटायर्ड गृहस्थ, एकटेच राहतात. त्यांनी चष्मा लावला, एकेका खांबाजवळ वाकून वास घेतला. मी जर्मनमध्ये माफी मागत सुटले होते. ते म्हणाले, "हो, हो. माझे वडीलही हेच करायचे, तेव्हा चालायचं." मग कामाचं बोलले. खांब उपटायचे, माती उकरून पिंपात भरायची, ती कचरा केंद्रात नेऊन द्यायची, नवे खांब रोवायचे. खड्डे पाडायचं मशीन त्यांच्याकडे होतं. पुढच्या शनिवारी सकाळी सुरू करू, संध्याकाळपर्यंत नवं कुंपण उभं.

"काय म्हणतायत?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती त्यांनी.

"म्हणतायत, फार मोठं काम आहे," मी म्हटलं. "माती काढायची, खांब रोवायचे, सुकू द्यायचे, मग रंग. डिसेंबर संपेल म्हणतायत. आणि एकट्याने होणार नाही त्यांच्याकडून."

आप्पा कुंपणाकडे बघत राहिले. इचलकरंजीत त्यांनी टेंपोच्या शेडचे खांब स्वतः रोवले होते, एका दिवसात. मीच पाणी नेऊन देत होते तेव्हा.

"सहा खांबांना डिसेंबर?"

"हो."

"आणि फिल्टरही तुला बदलता येत नाहीत."

"नाही."

त्यांनी वरची गुंडी काढली, शेजाऱ्यांशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "बरं. मग तिकीट राहू दे."