एल्मिराची सही

न्यायालय महिन्यातून एकदा विमानानं यायचं आणि कॅनडाच्या उत्तरेतल्या त्या क्री आदिवासी वस्तीच्या सभागृहात, हॉकीच्या पताकांखाली बसायचं. डावीकडच्या खुर्च्या मेलेल्याच्या माणसांना, उजवीकडच्या आरोपीच्या. एल्मिरा नातोमागानला शिपायानं डावीकडे बसवलं. डॅरल तिचा मुलगा, मेलेला तोच.

मारणारा क्लेटन. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात दोघं प्याले, स्नोमोबाइलच्या किल्लीवरून भांडले, क्लेटननं ढकललं आणि डॅरलचं डोकं शेगडीच्या कडेवर आपटलं. सदोष मनुष्यवध. गुन्हा कबूल होता. किती वर्षं, एवढंच ठरायचं होतं. सरकारी वकिलानं नऊ मागितली होती.

एल्मिराच्या मुठीत कागद होता. आज आईचं म्हणणं न्यायाधीशबाई ऐकणार होत्या. तिनं लिहिलं होतं : नऊ कमीच आहेत.

"अगं, कागद चुरगळतोय तो," शेजारची बर्निस पुटपुटली. "वाचायच्या वेळी रडू नकोस म्हणजे झालं."

"मी? तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोत्यानं कांदे चिरलेत. गप्प बस."

उजवीकडच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बहीण केव्हाच गेलेली. तिच्यामागे क्लेटनला एल्मिरानंच वाढवलं, आठव्या वर्षापर्यंत. तिला तो 'धाकटी आई' म्हणायचा. वस्तीत मावशीला सगळेच तसं म्हणतात. पुढं तो शहरात गेला, रमला, परत यायचं नाही म्हणाला. निदान बालकल्याण खात्याच्या बाईनं तसंच कळवलं होतं. मोठा होऊन परतला तेव्हाही तिच्या दारात आला नाही. कृतघ्न कार्टं, म्हणून तिनंही विचारलं नाही.

आदिवासी आरोपीला शिक्षा देण्याआधी त्याच्या आयुष्याचा अहवाल कोर्टापुढं ठेवावा लागतो. बचावाचा वकील तो भराभर वाचत होता. नऊ वर्षांत सांभाळणारी पाच परकी घरं. एका घरी हिवाळाभर तळघरात कुलपाआड. कुटुंबाचा आधार : नाही. मग आलं, "आठव्या वर्षी मावशीनं सांभाळायला नकार देऊन मुलाला स्वेच्छेनं कायमचं सरकारच्या ताब्यात दिलं. मावशीची सही सोबत जोडली आहे."

एल्मिराला आधी कळलंच नाही की मावशी म्हणजे आपण. सही? पीठ मळत होती ती त्या दिवशी. बालकल्याणची बाई म्हणाली, पोराचा कान वाहतोय, ऑपरेशन करू, सहा आठवड्यांत घरी. पिठाच्या हातानं तिनं सही केली होती. न वाचता!

अहवाल लिहिणाऱ्यानं तिला विचारलंच नव्हतं. मेलेल्याची आई ना ती, आरोपीबद्दल तिला काय विचारायचं!

तिचं नाव पुकारलं. ती उठली, कागद वाचायच्या टेबलाकडे न जाता हॉल ओलांडून उजवीकडच्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसली.

"आजी, तुमची जागा तिकडे," शिपाई म्हणाला.

"तिकडचीही आहे, इकडचीही आहे. तू मध्ये येऊ नकोस."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. एल्मिरा बसूनच बोलली. "ती सही कानासाठी होती, बाई. मी पोर देऊन टाकलं नव्हतं. डॅरलला यानं मारलं, ते मी विसरणार नाही. कितीही वर्षं द्या. पण आधार नाही हे खोडा. तिथं माझं नाव लिहा."

बर्निस तोंडावर हात ठेवून बसली होती.

जेवणानंतर न्यायाधीशबाईंनी शिक्षा सांगितली : पाच वर्षं. खोडायचं तेही त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडलं.

पोलीस त्याला विमानाकडे नेताना एल्मिरा दारात आडवी उभी राहिली. क्लेटनची मान खाली होती.

"तू मला दिलं नव्हतंस?"

"नाही रे."

तिनं त्याची हनुवटी धरून डोकं उजेडाकडे वळवलं, केस मागं सारले. कानामागं ऑपरेशनची खूण नव्हती. कानात पिवळा, मळका कापसाचा बोळा होता.

"अजून वाहतो?"

"हो," क्लेटन म्हणाला.