चुन्याच्या पटावरचा वाघ

वाघ-बकरीच्या खेळात वाघ कोंडला की त्याला कोणी मारत नाही. तो जिथं असेल तिथंच उभा राहतो आणि बाकीचे म्हणतात, संपला खेळ. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. अरे, मारा तरी नाहीतर सोडा तरी! एकदा गुरुजींना मी हे तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ते वाघालेच मालूम, पोरी," आणि पुढं शाळेच्या नाटकात वाघ मलाच केलं.

आमचं गाव बेल्याच्या अंगाला, नदीच्या अलीकडे. बाबा शाळेत गेले ते निजामाच्या राज्यात, अन् उर्दूत शिकले. निजाम गेला आणि माझी शाळा मराठीत झाली. मग भाषेवरून राज्यं झाली आणि आमचा जिल्हा आंध्रात गेला. आम्ही कुठं हललो नव्हतो बाप्पा. कापूस तिथंच, विहीर तिथंच, साहेब मात्र दुसरे यायला लागले.

गावातली शाळा पाचवीपर्यंत होती. एकच गुरुजी. पुस्तकं कधी यायची, कधी नाही, म्हणून ते खेळांच्या गोष्टी सांगत आणि त्याच गोष्टी आमच्याकडून करून घेत. लगोरी मांडायची तर आधी गोष्ट: कोणीतरी गाव पाडलं, लोकांनी ते परत रचायचं, आणि रचताना पाठीवर मार खायचा. हे ऐकताना आम्हा पोरांना तो खेळ वाटायचाच नाही. पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस घराघरात ठाऊक होते, पळून नदीपार गेलेले लोक आमच्यातच होते. विटीदांडूची गोष्ट वेगळी, सागरगोट्यांची वेगळी. आजही माझ्या हातात सागरगोटा आला की आधी गोष्ट आठवते, मग खेळ.

माझी पाचवी संपत आली तेव्हा तामसीचं स्थळ आलं. मी बारा वर्षांची. मला शिकायचं होतं, बस्स. दुसरं काही सुचतच नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा बाबा म्हणाले, "गावातच सहावी निघाली त शीक. नाई निघाली त तामसी पक्की. बाहेरगावी पाठवणार नाई." बाबा शब्दाचे पक्के. म्हणजे माझं सगळं एका वर्गावर येऊन ठेपलं.

गुरुजींनी सहावीसाठी अर्ज केलेलाच होता. शाळा तपासायला साहेब येणार होते. जुनी माणसं त्यांना अजून निजामाच्या वेळच्या नावानं नाझरसाहेब म्हणत. ते शाळा बघणार आणि सहावीचं ठरवणार. त्यांच्यापुढे वाघ-बकरीचं नाटक करायचं ठरलं. शाळेच्या अंगणात चुन्यानं मोठा पट आखायचा, पोरांनी सोंगट्या व्हायचं. तीन वाघ, बाकी सगळ्या बकऱ्या. शेवटी बकऱ्यांनी एकजूट करून वाघ कोंडायचे. मायला माझं वाघ होणं अजिबात पसंत नव्हतं. "लगनाची पोट्टी अन् तोंडाले काजळी फासून नाचून राह्यली! तामसीवाल्यायनं पाह्यलं त?" मी म्हटलं, पाहू दे. पाहिलं तर बरंच.

साहेब खालून कुठून तरी गोदावरीपलीकडून आले होते. पांढरी पँट, हातात छत्री, चेहरा मोठा प्रेमळ. आता इथं आमच्या लोकांची एक खोड सांगते. पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलायचं. मारवाड्याशी हिंदी, तहसिलीत उर्दू, कोष्ट्याशी तेलुगू. समोरच्याला अडचण होऊ देणं म्हणजे आमच्यात कमीपणा. तर झालं काय, पाटलांनी साहेबांचं स्वागत तेलुगूत केलं, दुकानदारानं चहा तेलुगूत विचारला. आणि आमचे गुरुजी! त्यांनी मराठी वर्ग हवा म्हणून रात्री जागून सुंदर मराठी भाषण लिहिलं होतं. पाटील कानात म्हणाले, "साहेबायले काय समजन ते?" मग गुरुजींनी बाजारातलं तेलुगू जोडून जोडून मराठीचा वर्ग मागितला. मराठीचा वर्ग, तेलुगूत! साहेब मान डोलवत होते. आम्हाला वाटलं, जमलं.

खेळ सुरू झाला. दोन वाघ लवकर कोंडले. मी उरले. अंगावर हळदीचे पट्टे, काजळी घामानं डोळ्यात उतरलेली. बकऱ्या एकेक करून भोवती येऊन उभ्या राहिल्या. नाटक आहे हे माहीत होतं, तरी माझा जीव घाबरा झाला. पाऊल टाकायला जागा नाही, सगळं गाव बघतंय, आणि नाटकाप्रमाणं आता मी नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "पुलिजूदम!" हा खेळ त्यांच्या गावचाही. एका बकरीपलीकडे जागा मोकळी राहिली होती, आणि तशी जागा असली की वाघ उडी मारून ती बकरी खातो. गुरुजींनी ती पाहिलीच नव्हती. साहेबांनी पाहिली. "दूकु! दूकु!" ते ओरडले. उडी मार. मी मारली. "इटु रा!" आले. "अटु पो!" गेले. बकऱ्यांमागून बकऱ्या खाल्ल्या. नाटक गेलं खड्ड्यात, सगळं अंगण ओरडत होतं, तेही तेलुगूत, साहेबांच्या सुरात. त्या घटकेला मी इतकी खूश होते की काय सांगू. मोकळी झाले असं वाटत होतं.

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळ्यांना म्हणाले, या गावात तेलुगूचा काही प्रश्नच नाही, लेकरंसुद्धा बोललेलं समजतात. सहावी मंजूर. जूनपासून, तेलुगूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी टाळी वाजवता वाजवता थांबले, ते मी पाहिलं.

बाबांनी शब्द पाळला. मराठी सहावी असं ते म्हणालेच नव्हते, तसं म्हणायचं कोणाला सुचलं होतं? जूनमध्ये नवे सर आले, नवं पुस्तक आलं. गोल गोल अक्षरं. ये, जा, किती रुपये, बस, जेवलास का, एवढं माझं तेलुगू. सर भूगोल शिकवत होते की इतिहास, तेही मला कळत नव्हतं. मी रोज जायची, पाठ ताठ ठेवून बसायची. बाजूच्या कोष्ट्याच्या पोराच्या पाटीवरून अक्षरं उतरवायची. सर वाईट नव्हते. एकदा दोनदा विचारलं, मग माझ्याकडे बघणंच त्यांनी सोडलं. गुरुजींची बदली झाली होती. घरी मी म्हणायची, चांगलं चाललंय. खोटं बोलण्यावाचून दुसरा रस्ताच नव्हता.

दिवाळी झाली. कापसाची वेचणी चालू होती. संध्याकाळी बाबा ओसरीवर बसून पायातले काटे काढत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "समजते का वं तुले शाळेत काई?"

मी पाच महिने या प्रश्नाला भिऊन होते. पण त्यांनी रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते. ते इतक्या मायेनं विचारत होते की माझ्या तोंडून खरं निघालं.

"नाई, बाबा."

"मंग काऊन जातं, माय?"

बाबांनी काटा काढून टाकला, मोठा श्वास सोडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली. म्हणाले, "बरं झालं, तूच म्हणली. मी बंद कर म्हणलो असतो त तू जलमभर मलेच बोल लावला असता."

सकाळी गाडी जुंपून ते तामसीला गेले. मला शाळेतून कोणी काढलं नव्हतं. मीच म्हटलं होतं, त्यामुळं मला रडायलासुद्धा जागा राहिली नाही.